जनुकीय सुधारित अन्न : सरकीच्या वाटेने ताटापर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात कपाशी हे प्रमुख पीक. वरवट बकाल, सोनाळा, पातुर्डा परिसरातील शेतांत उभी असलेली कपाशी बहुतांशी बीटी वाणाची असते. जनुकीय सुधारित अर्थात जीएम अन्न आपल्याकडे अद्याप आलेलेच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सरकीचे तेल माणसाच्या आहारात आणि ढेप जनावरांच्या गव्हाणीत जाते. त्यामुळे या अन्नाच्या सुरक्षिततेचा प्रश्न संग्रामपूरच्या शेतकऱ्यासाठी दूरचा राहिलेला नाही.

तंत्र काय आहे?

पारंपरिक संकरात एकाच किंवा जवळच्या जातींच्या वनस्पतींचा संयोग घडविला जातो. जीएम तंत्रात हवे ते नेमके जनुक, प्रसंगी संपूर्णतः वेगळ्या जीवाचे, प्रयोगशाळेत वनस्पतीत बसविले जाते. बीटी कपाशीत मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक आहे. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते सक्रिय होते व अळी मरते. माणसाच्या जठरातील आम्लात हे प्रथिन पचून जाते. शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिनाचा अंश जवळपास उरतच नाही. ढेपेत मात्र तो असू शकतो.

आशा कशासाठी?

कीटकनाशकांच्या फवारण्या कमी करणे व अन्नाचे पोषणमूल्य वाढविणे, ही या तंत्राची दोन मोठी आश्वासने. 'अ' जीवनसत्त्वाची उणीव भरून काढण्यासाठी विकसित झालेल्या गोल्डन राइसला २०२१ मध्ये फिलिपाइन्सने लागवडीची परवानगी दिली. २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने ती रद्द ठरविली. सरकीत गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य असते. त्याचे प्रमाण अत्यल्प असलेली कपाशी अमेरिकेत डॉ. कीर्ती राठोड यांनी विकसित केली. तिची सरकी खाद्य म्हणून वापरण्यास २०१९ मध्ये तेथे मान्यता मिळाली. नैसर्गिक ते सारे निर्धोक नसते, हेही यातून दिसते.

धोका कोठे?

ब्राझील नटचे जनुक सोयाबीनमध्ये घातल्यावर त्याची ॲलर्जीही सोबत आली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून हे उघड झाले आणि ते वाण बाजारात आलेच नाही. २००० मध्ये अमेरिकेत केवळ पशुखाद्यासाठी मान्यता असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला व माल परत मागवावा लागला. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. बाजारातील जीएम अन्न पारंपरिक अन्नापेक्षा आरोग्यास अधिक घातक असल्याचा ठोस पुरावा तिला आढळला नाही. मात्र प्रत्येक नव्या वाणाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असल्याचे तज्ज्ञ मानतात.

देशातील स्थिती

बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला संबंधित समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखविला. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेऊन ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र तेच वांगे २०१४ पासून शेतात आहे. जीएम मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरोधी निकाल दिले.

बेकायदा बियाण्याचा प्रश्न

संग्रामपूरला लागून तेल्हारा आणि त्यापलीकडे अकोला जिल्ह्यातील अकोट तालुका आहे. तेथील अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील एचटीबीटी कपाशीची जाहीर लागवड केली. निंदणाचा खर्च आणि मजुरांची टंचाई पाहता शेतकऱ्यांची मागणी समजण्याजोगी आहे. परंतु चोरट्या बियाण्याच्या पाकिटात नेमके काय आहे, याची हमी कोणीच देत नाही. बोगस निघाल्यास भरपाईही मागता येत नाही. शिवाय त्याची सरकी अन्य सरकीपासून डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही आणि शेवटी तेलघाणीतच पोहोचते.

म्हणूनच 'जीएम हवे की नको' एवढ्यावर हा वाद संपत नाही. कोणते जनुक, कोणत्या पिकात, कोणी तपासले आणि ग्राहकाला ते सांगितले का, हे खरे प्रश्न आहेत. बियाण्याच्या पक्क्या पावतीपासून तेलाच्या डब्यावरील ठळक उल्लेखापर्यंत ही साखळी उघड झाली, तरच शेतकरी आणि ग्राहक या दोघांनाही निवडीचा अधिकार मिळेल.