शिखराचं घराणं

मलंगगडाच्या रांगेच्या उत्तरेला वालधुनी नदी वाहते. तिच्या काठच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे, त्यात शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. उतरून वर पाहिलं तर छताऐवजी आभाळ दिसतं, कारण शिखर मंडपाच्या उंचीपाशीच थांबलंय.

जेवढं उरलंय, तेवढ्यावरून कूळ मात्र कळतं. चारही बाजूंना मधोमध जाळीदार कोरीव पट्टा वर चढतो आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. अशा शिखराला भूमिज म्हणतात. ‘भूमी’ म्हणजे त्याचे एकावर एक मजले. माळव्याच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात या प्रकाराचं वर्णन येतं. याचं माहेर माळवा मानतात. भोजाने १०२० च्या ताम्रपटांत कोकणविजयाचा उत्सव नोंदवला आहे, म्हणून विजयाबरोबर शैलीही घाट उतरली, असं म्हणायचा मोह होतो.

मला ते फार सरळसोट वाटतं. माळव्यातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर या घराण्यातलं नामांकित. पण त्याचं काम १०५९ च्या सुमारास सुरू झालं आणि १०८० मध्ये पूर्ण झालं. म्हणजे अंबरनाथ त्याची नक्कल असूच शकत नाही. दोन्हीकडे हात चालत होते ते एकाच काळात. राजे एकमेकांशी लढत असताना सूत्रधार आणि पाथरवट काम मिळेल तिकडे जात असणार, एवढंच मी धरून चालतो. फरक पडला तो दगडाने: तिकडे वालुकाश्म, इकडे आपला काळा कातळ. छिन्नीला न जुमानणाऱ्या या कातळात इतकी नाजूक जाळी काढणाऱ्यांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

अंबरनाथचं शिखर पुरं झालं असतं तर कसं दिसलं असतं? त्यासाठी सिन्नरला जावं. यादवकाळातलं गोंदेश्वर मंदिर याच घराण्यातलं. चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं, मधोमध महादेवाचं. तिथे शिखर वरपर्यंत शाबूत आहे, आणि लहान होत जाणाऱ्या त्या ओळी मोजता येतात.