देहाची काटकसर

युद्धग्रस्त यूरोपांतील भुकेल्यांस पुन्हा अन्नावर कसें आणावें, हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४५ सालीं ३६ स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. रोज सुमारें १,५७० उष्मांकांचा आहार आणि आठवड्यास २२ मैल चाल, असा नेम होता. वजन प्रथम झपाट्यानें उतरलें. पुढें उतार मंदावला. हलक्या देहास तेवढ्याच चालीला कमी शक्ति पुरे. शिवाय विश्रांतींतील खर्चहि सुमारें ४० टक्क्यांनीं घटला. माणसें खिन्न झालीं. अन्नावांचून दुसरें कांहीं सुचेना. मिळकत आटली कीं गृहस्थ हात आंखडतो. देह तेंच करतो. म्हणून वजन अडलें असतां मनोनिग्रहास बोल लावूं नये, घांसावर घांस तोडीत जाऊं नये. उतरलेल्या वजनास साजेसा आहार व व्यायाम यांचा मेळ नव्यानें घालावा.