वृक्षस्वामित्व आणि शासन : शिरूर कासारच्या संदर्भात

सिंदफणेच्या काठी वसलेले शिरूर कासार हे बीड जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण टापूतील गाव होय. अशा प्रदेशात बांधावरील झाड ही शेतकरी कुटुंबाची शिल्लक असते. औताला लाकूड, शेळ्यांना पाला आणि अडीनडीला विकण्याजोगे खोड त्यापासूनच मिळते. साहजिकच झाडाचा धनी कोण, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

हा प्रश्न जुना आहे. सुमारे १७१५ च्या, रामचंद्रपंत अमात्यकृत आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आला आहे. रयतेने दीर्घकाळ जोपासलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन ते न्यावे, असा त्याचा आशय आहे. वृक्षरक्षण आणि रयतेचे स्वामित्व ही दोन्ही तत्त्वे येथे एकाच बाजूस आहेत. निर्बंध आहे तो राजसत्तेवर.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ मध्ये तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने धारण जमिनीवरील झाडांवर धारकाचा हक्क मान्य केला. परंतु तत्पूर्वीच, १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाने साग, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ इत्यादी अनुसूचित झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडण्यास मनाई केली होती. वठलेल्या, रोगट अथवा जीवितास धोकादायक झाडांच्या बाबतीत मात्र परवानगी नाकारू नये, अशी सवलत त्यात ठेवलेली आहे.

या दोन व्यवस्थांतील भेद लक्षणीय आहे. आज्ञापत्रानुसार संमती शासनाने मागावयाची होती. १९६४ नंतर ती धन्याने मागावयाची ठरली. अनियंत्रित तोडीने मृदा व जल यांची हानी होते आणि तिचा भार एकट्या धन्यावर पडत नाही, हे ध्यानी घेता या बदलास सबळ कारण आहे. तथापि मूळ अनुसूचीत बाभूळ व लिंब नाहीत आणि कोरडवाहू बांधांवर आढळतात ती प्रामुख्याने हीच झाडे. परिणामी आजोबांनी लावलेल्या चिंचेस परवाना लागतो. आपोआप उगवलेली बाभूळ मात्र या अनुसूचीबाहेर राहते. लावणाऱ्यावर बंधन आणि न लावणाऱ्यास मोकळीक, अशी ही विसंगती होय. रक्षणाच्या नियमाने लागवडीची उमेद खचू नये, हा आज्ञापत्रामागील विवेक म्हणूनच आजही विचारार्ह ठरतो.