मावळातील गावनिवडणूक व पक्षमत : टाकवे बुद्रुक परिसराच्या अनुषंगाने

मावळ तालुक्याच्या राजकारणाचा विचार बहुधा पक्षांच्या जयापजयावरून केला जातो. त्या दृष्टीने १९९५ ते २०१४ हा कालखंड अगदी सरळ भासतो. विधानसभेच्या सलग पाच निवडणुकांत येथून भारतीय जनता पक्षाचाच उमेदवार निवडून आला. २०१९ साली मात्र या सरळपणाचा भंग झाला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे पार्थ पवार यांचा २ लाखांहून अधिक मतांनी पराभव केला, आणि मावळ विधानसभा क्षेत्रातही बारणे हेच आघाडीवर राहिले. अवघ्या पाच महिन्यांनी त्याच मतदारांनी राष्ट्रवादीचे सुनील शेळके यांस ९० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले व भाजपचे राज्यमंत्री संजय ऊर्फ बाळा भेगडे यांचा पराभव केला. शेळके हे निवडणुकीच्या तोंडावरच भाजपमधून आलेले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. २०२४ मध्ये महाविकास आघाडीने स्वतःचा उमेदवार उभा न करता अपक्ष बापूसाहेब भेगडे यांस पाठिंबा दिला. स्थानिक भाजपमधील प्रमुख मंडळीही त्यांच्यामागे उभी राहिली. तरीही शेळके १ लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले.

हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. कृष्णराव भेगडे हे १९७२ साली जनसंघाच्या वतीने व १९७८ साली काँग्रेसच्या वतीने याच मतदारसंघातून निवडून आले होते. पक्ष बदलतो आणि मत माणसाच्या मागोमाग जाते, याचे कारण तालुक्याच्या पातळीवर शोधून सापडावयाचे नाही. ते गावात शोधावे लागते.

कान्हे स्थानकाकडून इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक लागते. त्यापलीकडे अंदर मावळातील गावे व ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या पसरलेल्या आहेत. याच खोऱ्यात टाटा कंपनीने १९२० नंतरच्या दशकात वीजनिर्मितीसाठी ठोकरवाडीचे धरण बांधले. पुढे टाकव्याच्या आसमंतात कारखानेही आले. अशा ठिकाणी ग्रामपंचायत ही केवळ दिवाबत्तीची संस्था राहत नाही. करआकारणी, ना हरकत दाखले, रस्ते, पाणी ही सारी सत्तेची साधने बनतात.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने प्रौढ मतदानावर उभी केलेली ही संस्था व्यवहारात ‘पॅनेल’च्या आधारे चालते, आणि पॅनेलची घडण भावकी, आळी, वाडी व देणेघेणे यांवरून होते. एकाच पॅनेलात परस्परविरोधी पक्षांची माणसे असणे हे मावळात कोणासही वावगे वाटत नाही. गावकऱ्यास मत देण्याचा पहिला व वारंवार येणारा अनुभव हाच असल्यामुळे त्याची मतदानाची सवय येथेच घडते. विधानसभेचा उमेदवार गावोगावच्या पॅनेलप्रमुखांस आपलेसे करतो. लोकसभेच्या उमेदवारास त्यांची तेवढी गरज भासत नाही, व त्यांसही त्याची नसते. २०१९ मधील दोन निकालांतील तफावतीचा उलगडा बराचसा येथे होतो. उमेदवाराची वैयक्तिक लोकप्रियता हेही कारण आहेच. परंतु ती लोकप्रियता गावात पोहोचते तीही याच वाटेने.

या संदर्भात अमेरिकेतील एका अभ्यासाची आठवण होते. आर्थर व्हिडिच व जोसेफ बेन्समन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाचे ‘स्प्रिंगडेल’ या कल्पित नावाने वर्णन केले आहे. तेथे उमेदवारी मोजक्या मंडळींच्या बैठकीत ठरे, मतदान हा बव्हंशी उपचार असे आणि ग्राममंडळाचे ठराव एकमताने होत. मतभेद नव्हते असे नाही. ते सभेपूर्वीच मिटवले वा दडपले जात.

आपल्याकडील ‘बिनविरोध’ निवडणुकीकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. गावात वैर नको, खर्च नको, हे तिचे समर्थन खोटे नाही. निवडणुकीनंतर वर्षानुवर्षे बोलणे टाकलेले भाऊ अनेक गावांत आढळतात. परंतु देवळातील ज्या बैठकीत नावे ठरतात तीत कोण बसतो, हा प्रश्न उरतोच. त्या बैठकीस गुप्त मतदान नसते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने उमराणे (जि. नाशिक) व खोंडामळी (जि. नंदुरबार) येथील निवडणुका पदांचा लिलाव झाल्याच्या कारणावरून रद्द केल्या. एकमताची किंमत तेथे शब्दशः रुपयांत ठरली होती. मावळातील प्रत्येक बिनविरोध निवडीवर असा संशय घेणे अर्थातच अन्यायाचे होईल.

सरपंचाच्या थेट निवडणुकीने या व्यवस्थेस धक्का दिला. २०१७ साली ती सुरू झाली, २०२० साली रद्द झाली व २०२२ साली पुन्हा आली. पूर्वी सदस्यांनी सरपंच निवडावयाचा असे. म्हणजे वाडीवरील मतदाराचे मत आपल्या प्रभागातील सदस्यापर्यंतच पोहोचे व पुढील व्यवहार सदस्यांच्या आपसात होई. आता त्याला सरपंचासाठी वेगळे मत आहे. त्यामुळे सरपंच एका पॅनेलचा व बहुमत दुसऱ्याचे अशी अवघड स्थितीही उद्भवते, आणि तिच्यापायी कामे अडल्याची तक्रार ऐकू येते. परंतु डोंगराकडेच्या वाडीवर सरपंचपदाच्या उमेदवारास आता स्वतः चढून जावे लागते.