जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

परवा शेजारचा मुलगा दारासमोर छोटा हत्ती बॉटल जॅकवर चढवून खाली शिरला होता. ना स्टँड, ना चाकामागे दगड. बाहेर बोलावला तर म्हणतो, "काका, दहा टनाचा जॅक आहे, काय होतंय!" काय होतं, ते सव्वादोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हणून ही पोस्ट.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सांगितलं. त्याचं लिखाण १६६३ मध्ये, तो गेल्यावर छापलं गेलं. लहान दट्ट्या दाबला की वीसपट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या वीसपट जोर लावतो. कागदावर एकदम सोपं! पण यंत्र बनायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

१७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती: गळती. दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेने निसटायचं. त्यावर चामड्याच्या वाटीसारखा वॉशर बसवला गेला. दाब जितका जास्त, तितकी त्याची कड घट्ट बसायची. याचं श्रेय दिलं जातं ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलेला. आठवड्याला ३० शिलिंगवर राबणाऱ्या या माणसाने १७९७ मध्ये पगारवाढ मागितली. मिळाली नाही, तेव्हा त्याने काम सोडलं. पुढे तो स्वतःच मोठा कारखानदार झाला, ही गोष्ट वेगळी.

१८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हातात नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. १८५८ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज टँगी बंधूंच्या हायड्रॉलिक प्रेसनी ढकलून थेम्स नदीत उतरवलं. त्या कामात काही प्रेस फुटलेही.

मुद्दा हा की चामड्याच्या जागी रबर आलं, पाण्याच्या जागी तेल आलं, पण सगळा भार अजूनही त्या वॉशरवरच आहे. तो झिजला, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तेल निसटतं आणि गाडी खाली येते. दहा टन हा आकडा उचलायचा आहे, तुमच्या छातीवर तोलून धरायचा नाही.

म्हणून घेताना पाहा: आरसी बुकात लिहिलेल्या भरलेल्या गाडीच्या वजनापेक्षा जॅकची क्षमता जास्त हवी, बूड रुंद हवं. जागा सपाट आणि टणक असावी, माल आधी उतरवावा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. आणि गाडी उचलली की लगेच चासीखाली लोखंडी स्टँड. विटा नकोत, त्या अचानक फुटतात.

हायवेच्या कडेला ट्रकखाली झोपून काम करणारी पोरं रोज दिसतात. त्यांना जॅक देणाऱ्या मालकांनो, सोबत दोन स्टँडही द्या. मॉड्सलेला पगारवाढ नाकारली, तो दुसरीकडे जाऊन जगला तरी. जॅक सटकला तर या पोरांना ती संधी नाही.