टायर, दुहेरी वापराचे
डांबरी रस्ता व कच्ची वाट या दोन्हींवर चालण्यासाठी बनविलेले मोटारसायकलचे टायर (→ मोटारसायकल). बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० मध्ये ‘आर ८० जी/एस’ ही गाडी आणल्यानंतर लांब पल्ल्याच्या दुहेरी वापराच्या गाड्यांचा वर्ग रूढ होत गेला आणि जड वजन व महामार्गावरील वेग पेलणाऱ्या अशा टायरांची गरज वाढली. नक्षीतील रबरी ठोकळे व त्यांमधील खाचा यांचे प्रमाण हे त्यांचे निर्णायक लक्षण होय. रुंद खाचांचे उंच ठोकळे मातीत रुतून पकड देतात. मात्र डांबरावर टेकणारे रबर कमी पडल्याने ओल्या वळणावर पकड घटते, ठोकळे वाकून तापतात आणि मागचे टायर लवकर झिजते (→ घर्षण). डांबरी रस्ता व कच्ची वाट यांच्या वापराची ‘५०/५०’ यासारखी वाटणी उत्पादकाने स्वतः ठरविलेली असल्याने निवड प्रत्यक्ष प्रवासातील कच्च्या वाटेच्या हिश्श्यावरून करणेच इष्ट ठरते. आकार, भारांक (भार पेलण्याची क्षमता दर्शविणारा अंक) व वेगचिन्ह (कमाल वेग दर्शविणारे अक्षर) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे लागतात; २०१६ च्या रॉयल एनफील्ड हिमालयनच्या पुढील टायरवरील ९०/९०–२१ या खुणेत रुंदी ९० मिमी., उंची रुंदीच्या ९०% व रिमचा व्यास २१ इंच असा अर्थ असतो. वाळूत हवा कमी केल्यास टायरचा टेकणारा भाग वाढतो, परंतु दगडांवर रिमला मार बसण्याचा धोकाही वाढतो; डांबरावर परतताच हवा पूर्ववत भरावी लागते (→ रबर).