वनस्पतिकोकरू आणि कापसाचा सिद्धान्त

देठावर जन्मणारे, नाळेने झाडाशी जखडलेले आणि भोवतालचे गवत संपताच मरणारे 'तार्तरीचे कोकरू' युरोपीय प्रवासवृत्तांतून शतकानुशतके वावरत राहिले. १८८७ मध्ये हेन्री ली यांनी स्वतंत्र पुस्तक लिहून त्याचा उलगडा केला : हे कोकरू म्हणजे कापसाचे बोंड. भारतातील रानझाडांना मेंढीच्या लोकरीहून सरस लोकर लागते, अशी नोंद हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच केली होती. हा उलगडा भारतीय वाचकाला सुखावणारा आहे. म्हणूनच तो काटेकोरपणे तपासावयास हवा.

संहितांचा कालक्रम लावला की अडचण ध्यानात येते. हिरोडोटसच्या नोंदीत प्राणी नाही. चौदाव्या शतकातील ओदोरिक या भिक्षूच्या वृत्तान्तात देठ वा नाळ नाही. तेथे मोठी फळे पिकून फुटतात आणि आत कोकरासारखा लहान जीव आढळतो. त्याच शतकातील मँडेव्हिलच्या प्रवासग्रंथात हेच फळ पुन्हा येते, लोक ते आतील प्राण्यासह खातात, आणि त्या कोकराला लोकर नाही असे स्पष्ट म्हटले आहे! कापसातून उपजलेल्या कथेने नेमकी लोकरच विसरावी, हे संभवनीय वाटत नाही. नाळ, गवत आणि टोप्यांना वापरले जाणारे मऊ कातडे हा सारा तपशील हर्बरश्टाइनच्या १५४९ मधील मस्कोव्हीविषयक ग्रंथात येतो. पुढे १६९८ मध्ये हान्स स्लोन यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवलेला नमुना चीनकडील नेच्याचे केसाळ खोड निघाला.

फळ, कातडे, नेचा : हाती आलेली प्रत्येक वस्तू जुन्या कथेत बसविली गेली. लींनी कथेमागची मूळ वस्तू शोधली; कथा मात्र आधीच्या कथेवर पोसली जात होती. दिदरोने हे १७५१ मध्येच ओळखले होते. विश्वकोशाच्या पहिल्या खंडातील त्याची या कोकरावरील नोंद वनस्पतीपासून निघते आणि साक्षीपुराव्याच्या मीमांसेत शिरते. थोर नावांची रांग लावली तरी प्रत्यक्ष पाहणारा कोण, हा त्याचा प्रश्न. (या प्रश्नाचा रोख केवळ कोकरावर नव्हता, हे चाणाक्ष वाचकांना उमगले असणारच.)

लिनीयसने १७५३ मध्ये 'बॅरोमेट्झ' हे कोकराचेच नाव त्या नेच्याला दिले. शास्त्रीय नामावलीत ते आजही टिकून आहे.